जुन्या कर्नलच्या घरी

मी प्रिंटरचा ड्रायव्हर बोलतोय. गाडीबिडी चालवत नाही बरं का. संगणकाचा निरोप प्रिंटरपर्यंत पोचवणारा मी एक कोड.

माझ्या प्रिंटरला शाई लागत नाही. तो कागदावर उठावाचे ठिपके पाडतो, बोटांनी वाचायचे. अंधशाळेत शिकवणाऱ्या ताईंनी तो हौसेने आणला. त्यांनाही दिसत नाही. पण त्यांचा संगणक जुना, आणि मी वाढलो नव्या कर्नलच्या हाताखाली. कर्नल म्हणजे संगणकातला कर्ता माणूस, त्याला विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही. ताईंचं अक्षरांची ठिपक्यांची लिपी करून देणारं सॉफ्टवेअर फक्त या जुन्या कर्नलवरच चालायचं, म्हणून तो बदलायची सोय नव्हती. आणि सोमवारी परीक्षा. प्रश्नपत्रिका छापून झाल्या नाहीत, तर मुलांना प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार. ताईंना ते अजिबात खपत नव्हतं.

मग त्यांचा धाकटा भाऊ मला जुन्या रीतीभाती शिकवायला बसला. 'कर्नलची आवृत्ती जुनी असेल, तर निरोप जुन्या पद्धतीने द्यायचा', अशी अट त्याने माझ्यात घातली. मी आत पाऊल टाकलं आणि अख्खा संगणक गप्प. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

“अगं, आवृत्ती तर जुनीच सांगतोय हा कर्नल,” भाऊ वैतागून म्हणाला.

“तू त्याला वय विचारतोयस,” ताई म्हणाल्या. “काय येतं ते विचार की.”

भाऊ वरमला. त्याने कर्नलचा कोड उघडला, आणि मी आ वासून पाहतच राहिलो. कुणा अनोळखी माणसाने माझी नवी पद्धत केव्हाच तिथे आणून बसवली होती. तिथली जुनी पद्धत तेवढी काढली होती, म्हणूनच माझा जुना निरोप अडकत होता; बाकी काही मोडलं नव्हतं, आवृत्तीचा आकडाही तोच ठेवला होता. रफू कुठे केलंय ते दिसू नये, इतकं सफाईदार काम. ज्याला म्हातारा समजून मी सांभाळून बोलत होतो, त्याला माझी बोली येत होती. मला अगदी भरून आलं.

भावाने आवृत्तीची अट काढली आणि ती पद्धत येते का, एवढंच विचारायला मला शिकवलं. प्रिंटर खडखडला.

ताईंची बोटं कागदावरून सरकली आणि थबकली.

“तिसऱ्या प्रश्नात माझीच चूक झालीये,” त्या हसून म्हणाल्या, पण आवाज ओला होता. “ती सुधारते. मग सगळ्या मुलांच्या प्रती काढ.”

सोमवारी मुलांनी आपापला पेपर आपल्याच बोटांनी वाचला.

उद्या मीही जुना होईन. तेव्हा कुणी नवा माझ्या दारात आला, तर एवढंच करा. माझं वय विचारू नका, मला काय येतं ते विचारा.