सोरेलची सात नंबरची बस

मित्रांनो, मी एक जुनी स्कूलबस आहे. सोरेल नावाच्या छोट्या गावाच्या शाळेने मला विकत घेतले, म्हणून मी स्वतःला सोरेलचीच समजते. चारी बाजूंना गहू आणि ज्वारीची शेते, मध्ये धान्याची एक उंच कोठी, एक चर्च आणि एक शाळा, एवढेच ते गाव.

मी नवी कोरी आले, तेव्हा शाळेतली सगळी एक्केचाळीस मुले एकाच वेळी माझ्यात चढली आणि उड्या मारू लागली. माझी चालक व्हर्लीन स्टकी हिने त्यांना ओरडून खाली बसवले. ती पन्नाशीची, उंच आणि हाडकुळी बाई होती. नवरा गेल्यावर शेत खंडाने देऊन ती या कामाला लागली होती. पहिल्या दिवशी स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवून ती मला म्हणाली, "हे बघ बाई, तू पोरांना वेळेवर पोचव, मी तुला वेळेवर तेल घालीन. कुणी कुणाला फसवायचं नाही."

आम्ही दोघींनी तो शब्द पुष्कळ वर्षे पाळला. आमची फेरी अकरा मैलांची होती. पहिले मूल चढल्यापासून शाळा येईपर्यंत पंचवीस मिनिटेही लागत नसत.

सगळ्यात शेवटी चढणारे मूल म्हणजे टेसा वीबे. पाच वर्षांची असताना ती प्रथम माझी पायरी चढली. पायरी उंच, म्हणून तिचा बाप लोनी तिला उचलून वर ठेवायचा. टेसाला दमा होता; औषधाचा पंप नेहमी तिच्या खिशात असे. ती व्हर्लीनच्या मागच्याच आसनावर बसायची आणि दम लागला नसेल तेवढा वेळ बोलायची.

"मिस व्हर्लीन, गाईला माहीत असतं का आज रविवार आहे ते?"

"माहीत असतं. म्हणून तर ती त्या दिवशी मुद्दाम कुंपण तोडते."

शाळेत डोलोरेस नावाची नर्स होती. तिच्या खोलीत औषधाची वाफ देणारे यंत्र होते. दोनदा टेसाचा श्वास माझ्यातच अडकला. दोन्ही वेळा व्हर्लीनने तिला कडेवर घेऊन त्या खोलीत धाव घेतली. अर्ध्या तासात टेसा वर्गात जाऊन पुन्हा बडबडू लागली. ही गोष्ट कुणाला मोठी वाटली नाही. जवळ असलेली गोष्ट मोठी वाटत नाही, मित्रांनो.

मग राजधानीत विधानसभेने एक कायदा केला. ज्या शाळेची पटसंख्या साठाहून कमी, तिचे राज्याचे अनुदान बंद. मुलांनी जवळच्या मोठ्या शाळेत जायचे. आमची 'जवळची' शाळा हॅडलीची होती. अठ्ठेचाळीस मैलांवर.

आमदार गार्थ हॉलिस समजूत घालायला आले. ते याच शाळेत शिकले होते. सभा व्यायामशाळेत भरली. उकाड्यामुळे दारे उघडी होती आणि मी बाहेरच उभी होते.

लोनी वीबे उठून म्हणाला, "गार्थ, माझी पोर दम्याची आहे. एवढ्या लांब कशी जाईल रे?"

"लोनी, अरे तिथे प्रयोगशाळा आहे, पोहायचा तलाव आहे. पोरांचं भलंच होईल."

"तिला पोहायचं नाहीये. तिला श्वास घ्यायचाय."

काही लोक हसले. हॉलिसही हसले. लोनी हसला नाही.

मे महिन्यात शाळेला कुलूप लागले. डोलोरेस ते यंत्र खोक्यात भरून हॅडलीच्या शाळेला देऊन आली. तिला मात्र तिथे जागा नव्हती. ऑगस्टपासून मी तीन गावांची मुले गोळा करू लागले. सकाळी अंधारात निघायचे आणि एक तास पन्नास मिनिटे चालायचे. लहान मुले माझ्या खिडक्यांना डोके टेकून झोपत. आता टेसा सगळ्यात आधी चढे आणि सगळ्यात शेवटी उतरे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

ऑक्टोबरात ज्वारीची मळणी सुरू झाली. एका दुपारी परतताना धूळ इतकी होती की व्हर्लीनने दिवे लावले. ओढ्याजवळच्या सखल रस्त्यावर टेसा म्हणाली, "मिस व्हर्लीन, माझा पंप संपला." एवढेच. व्हर्लीनने मला थांबवले. तिने फोन काढला, पण तिथे आवाज पोचत नव्हता. ती चढावर धावत गेली, तिथूनही फोन लागेना, तशी परत आली. हॅडली पस्तीस मैल मागे होते. पुढे सोरेलला बंद शाळा होती आणि पलीकडच्या गावचा दवाखाना वीस मैलांवर होता. व्हर्लीनने एका मोठ्या मुलीला टेसाला धरून ताठ बसवायला सांगितले आणि मला पळवले. तेवढी मी कधीच पळाले नव्हते. मुले रडत होती. माझे इंजिन तापले, तरी मी थांबले नाही.

आम्ही वेळेवर पोचलो नाही.

हिवाळ्यानंतर लोनी विधानसभेपुढे बोलायला राजधानीला निघाला. हॅडलीच्या शाळेने मला एका दिवसासाठी दिले आणि सोरेलचे बारा जण माझ्यातून गेले. परतीच्या वाटेवर व्हर्लीनने विचारले, "काय म्हणाले?"

"बोलायला दोन मिनिटं दिली," लोनी म्हणाला. "वेळ संपली की समोर लाल दिवा लागतो. मी तिचं नाव सांगितलं, आणि तो लागला."

तरीही कायदा झाला. प्रत्येक स्कूलबसमध्ये वायरलेस संच आणि दम्याचे औषध असलेच पाहिजे. त्याला 'टेसाचा कायदा' हे नाव दिले. विरोधात एकही मत पडले नाही. सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. राज्यपालांनी ज्या पेनाने सही केली, ते हॉलिस यांनी लोनीच्या हातात ठेवले.

व्हर्लीनने तो कायदा छापून आणला आणि माझ्या चाकावर टेकवून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर शेजारच्या बसचा चालक रॉय याला तिने हाक मारली.

"रॉय, हे ऐक. 'सदर खर्च शाळांनी आपल्या उपलब्ध निधीतून करावा.'"

"उपलब्ध निधी? कुठला?"

"तेच तर."

हॅडलीच्या शाळेकडे निधी नव्हता. कायदा मात्र मोडता येत नव्हता. तेव्हा त्यांनी हिशेब जुळवला: सहा बसमधली एक कमी करायची, तिचा मार्ग दुसरीत मिसळायचा, वाचलेल्या पैशांत उरलेल्या पाच बसना संच बसवायचे. सगळ्यांत जुनी बस मी होते. आता सोरेलच्या मुलांना शाळेत पोचायला दोन तास वीस मिनिटे लागतात. संच आहे. ओढ्याजवळच्या सखल भागात तोही बोलत नाही.

मला भंगारात न्यायला आले त्या दिवशी लोनी आला होता. तो टेसाच्या आसनावर थोडा वेळ बसला. मग ते पेन आसनाच्या फटीत खोचून उतरून गेला. व्हर्लीनने नोकरी सोडली. ती दर अधिवेशनाला राजधानीत जाते आणि आपली दोन मिनिटे बोलून येते.

मित्रांनो, मी कुणाला शाप देत नाही. माझ्यासारख्या गाडीला ते जमत नाही. माझी एकच विनंती आहे. गावातली शाळा लहान आहे म्हणून तिला हसू नका. तिथले अंतर लहान असते. आणि कुणी एखाद्या मुलाच्या नावाने कायदा केला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याची शेवटची ओळ वाचा. नाव नेहमी वर असते. मूल कसे वाचणार, हे खाली लिहिलेले असते, किंवा लिहिलेलेच नसते.