धबधब्यात उतरलेलं लुगडं

मित्रांनो, मी एक जुनं शहापुरी लुगडं आहे. खरं म्हणजे आता मी अख्खं लुगडंही राहिलेलं नाही. नऊ वारांपैकी माझा चारेक वारांचा तुकडा उरला आहे. रंग विटला आहे, एका जागी काठ फाटला आहे. तरीही मी मान वर करून बोलणार आहे. मला धरून एक बाई मरणाच्या तोंडातून परत आली, मग मी लाजून का बसावं?

माझा जन्म बेळगावजवळच्या वडगावातला. नागुबाई नावाच्या विणकरणीनं मला विणलं. तिचे यजमान सुबराव आधी मागावर बसत. पण त्यांचे हात कापू लागले, धोटा वाकडा जाऊ लागला. तेव्हा जन्मभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी नागुबाई स्वतः मागावर चढली आणि सुबराव तिच्या शेजारी बसून कांड्या भरू लागले. गल्लीतले लोक खिडकीतून डोकावून जात. नागुबाई वर बघत नसे. फणीचा ठोका ती असा घट्ट मारायची की दोन धाग्यांमधून उजेडही शिरू नये. काळाभोर अंग, तांबडा काठ आणि पदरावर पांढऱ्या रेघा, असा माझा थाट होता. मागावरून उतरलो तेव्हा सुबरावांनी माझ्यावरून हात फिरवला आणि ते नुसतेच हसले.

पण व्यापाऱ्यानं मला परत पाठवलं. त्यानं माझी घडीसुद्धा मोडली नाही. म्हणाला, "माल दिसाय बरा हाय. पण बाईचा ठोका हलका. दोन धुन्यांत जाळी हुईल ह्येची."

नागुबाई मला काखेत मारून घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही. सुबराव म्हणाले, "जलमभर लोकास्नी नेसवलंस. ह्ये तू नेस की."

"मी? आन् शहापुरी?"

"का? तुला काय काटं टोचत्यात व्हय?"

असा मी माझ्याच विणकरणीच्या अंगावर गेलो. ज्या घरात रोज लुगडी विणली जात, त्या घरात नवं शहापुरी लुगडं नेसण्याची ही पहिलीच वेळ होती, मित्रांनो.

नागुबाईची लेक जयाबाई निपाणीला दिली होती. जावई परशराम मोटार लॉरी चालवायचा. निपाणीची तंबाखू वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचवायचा. त्या वर्षी, म्हणजे चौतीस सालच्या दिवाळीत, तो सासूबाईंना म्हणाला, "मामी, वेंगुर्ल्याफुडं दर्यात एक बेट हाय. कड्यावरनं गोडं पानी खाली पडतंय, आन् तितनं सरळ खाऱ्या पान्यात. आटायच्या आत बघून येऊ चला."

नागुबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. ती मला नेसली आणि निघाली.

लॉरीत परशरामची आई मालुबाईही होती. लेकाच्या लग्नात मानाचं लुगडं साधं मिळालं, हा सल तिच्या मनात अजून होता. आंबोलीचा घाट उतरताना तिनं माझा पदर दोन बोटांत धरला आणि विचारलं, "विहीणबाई, व्यापाऱ्यानं परत लावून दिलेलं लुगडं म्हनत्यात ते ह्येच व्हय?"

"ह्येच," नागुबाई म्हणाली आणि दरीकडे बघत राहिली. माझ्या काठावरची तिची मूठ मात्र आवळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशरामच्या ओळखीच्या रवळू नाखव्यानं सगळ्यांना होडीत घेतलं. किनारा मागे दिसेनासा झाला. नागुबाई पाण्याकडे टक लावून बसली होती. "मागावर निळ्या सुताचा ताना लावल्यागत दिसतंय, न्हाय गं जये?" ती लेकीला म्हणाली. ऊन डोक्यावर यायच्या आत ते बेट आलं. माणसाची वस्ती नाही, घर नाही. नुसती झाडी, काळा कातळ आणि पाखरांचा कलकलाट. वाळूच्या छोट्या खोलगटीत होडी लागली. रवळू आणि परशराम होडी बांधायला थांबले. तिघी बायका खडकांवरून पुढे गेल्या.

वळण घेतलं आणि तिघी जागच्या जागी थांबल्या. पन्नासेक हात उंच कड्यावरून पांढरं शुभ्र पाणी खाली येत होतं. खाली कातळात त्याचा डोह झाला होता. डोह भरून पाणी दगडी उंबऱ्यावरून सांडत होतं आणि थेट खालच्या लाटांत कोसळत होतं. तुषारांत इंद्रधनुष्य उभं होतं. अशा जागी माणूस आपोआप हळू बोलतो. मालुबाईनंसुद्धा हात जोडले.

"पान्याची ओटी भरते," असं म्हणून ती नारळ आणि हळदकुंकू घेऊन डोहाच्या कडेला गेली. तिथल्या शेवाळावर तिचा पाय सटकला. किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. पाण्यानं तिला ओढत नेलं आणि उंबऱ्यावरच्या एका सुळक्याला ती कशीबशी बिलगली. तिच्या पाठीशी समुद्र फुटत होता.

जयाबाई ओरडली, "आत्याबाई! अवो, पळा कोनी तरी!" पण धबधब्याच्या आवाजापुढे तिची हाक कुठली पोचणार? होडीतला दोर आणायला जावं तर तेवढा वेळ मालुबाईचे हात टिकणार नव्हते.

नागुबाईनं कासोटा सोडला.

"आये, काय करतीस? माझं घे!" म्हणत जयाबाई स्वतःच्या निऱ्यांना हात घालू लागली.

"तुझं मिलचं हाय. त्येचा भरवसा मला न्हाय," नागुबाई म्हणाली. "ह्येचा हाय. मी इणलंय."

मित्रांनो, ते शब्द ऐकले आणि माझ्या धाग्याधाग्यात बळ आलं. नागुबाईनं मला आधी डोहात बुचकळलं, कारण ओलं सूत कोरड्यापेक्षा चिवट होतं, हे विणकरणीला सांगावं लागत नाही. मग पीळ भरला. माझं एक टोक काठावरच्या झाडाच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकात दगड गाठवून ते मालुबाईकडे फेकलं. पहिल्यांदा मी वाहून गेलो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मालुबाईच्या हाताला लागलो.

"मनगटाला येढा घाला, विहीणबाई! डोळं मिटू नगासा! माझ्याकडं बघा!"

मायलेकी ओढत होत्या आणि पाणी उलटं ओढत होतं. माझा काठ कातळावर घासला, वीतभर टर्रकन फाटला. मला वाटलं, संपलं! पण आतलं विणकाम हललं नाही. वीत वीत करत मालुबाई अलीकडे आली. तिचे पाय कातळाला लागले, आणि तिघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

तोवर रवळू नाखवा आणि परशराम वळणावर आले. काय घडलं ते रवळूनं एका नजरेत ओळखलं आणि तो तोंड फिरवून माघारी पळाला. होडीतलं जुनं शीड आणून त्यानं जयाबाईच्या हाती दिलं. "ह्यां आयेच्या आंगाक गुंडाळ," तो म्हणाला. शीड अंगाला लपेटून नागुबाई होडीत बसली ती राणीसारखी. थोड्या वेळानं तिनं शिडाचं कापड चिमटीत धरलं आणि विचारलं, "नाखवा, कुनी इणलंय हो ह्ये? लई दाट हाय." तेव्हा सगळे हसले. मालुबाई मात्र हसली नाही. मला पिळून, झटकून ती स्वतः वाऱ्यावर धरून बसली होती.

निपाणीत परतल्यावर मालुबाईनं घरोघर मला दाखवलं. "ओढून बघा की," म्हणायची, "माझं सगळं वजान पेललंय ह्येनं." निपाणीच्या बायका नागुबाईला लुगडी विणायला सांगू लागल्या. पुढं तो व्यापारीही वडगावला आला. नागुबाईनं त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं आणि म्हणाली, "अवंदा हात मोकळा न्हाय. फुडच्या साली बघू."

नंतर लेकीनं मला मागून घेतलं आणि देवासारखं पेटीत ठेवलं. तिथं मात्र मी कंटाळलो. वर्षामागून वर्षं गेली. कडुनिंबाचा पाला माझ्यावर सुकला, घडीवर घडी मुरली. बाहेर लढाई चालू होती, सूत मिळत नव्हतं, माग थांबले होते, कापडासाठी लोक रांगेत उभे राहत होते, आणि मी चांगलं धडधाकट असून अंधारात पडून होतो.

अशातच जयाबाई बाळंत झाली. बाळाला गुंडाळायला घरात मऊ कापड नव्हतं. मालुबाईनं पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि कात्री घेतली.

"नगं, आत्याबाई! आयेचं लुगडं हाय ते!" जयाबाई अंथरुणातून ओरडली.

मालुबाई थबकली. बाळंतपणाला आलेली नागुबाई चुलीपासून उठून आली. तिनं मला उलगडलं, उजेडाकडे धरलं, आणि मालुबाईच्या हातातली कात्री बाजूला ठेवली.

"कात्री नगं," ती म्हणाली. "आडव्या धाग्यानं फाडलं की सरळ जातंय. तुमी तिकडनं धरा."

दोघी विहिणींनी मला दोन बाजूंनी धरलं. माझ्यातून एक दुपटं निघालं, दोन लंगोट्या निघाल्या, पुढं शेजारच्या गुणाबाईच्या नातवासाठी झबलंही निघालं. मला दुखलं का? थोडं दुखलं. पण त्या उबदार, ओल्या, रडणाऱ्या जिवाला मी लपेटलं, तेव्हा पेटीतला सगळा अंधार विसरलो.

आता सत्तेचाळीस साल आहे. माझा उरलेला तुकडा लेकीनं आईला परत दिला, तो आता नागुबाईच्या खांद्यावर असतो. सकाळी मागावर बसताना ती तो पाठीवर घेते. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातचं एखादं कापड असेल. त्याला कसर लागू देऊ नका, उन्हात घाला, उसवलं तर टाका घाला. पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. ते अंगावर घ्या, गरज पडली तर फाडा, आणि ज्यानं ते विणलं त्याचं नाव मुलांना सांगा. माझ्या विणकरणीचं नाव नागुबाई.