स्थळाची चौकशी

साऱ्या गावाची चौकशी करणाऱ्या बाईला आपलीही कुणीतरी चौकशी करतंय असं सारखं वाटत राहतं. मी तशीच. तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या चपलांवरून मी त्याची पत ओळखते, असं आमचे हे, जिनदत्त, चारचौघांत सांगतात. कौतुकानं सांगतात की वैतागानं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्या ब्राह्मीचं कवठे महांकाळच्या सम्मेदशी जमत आलं होतं. मुलगा पतसंस्थेत नोकरीला, माणसं आपल्यातलीच, जैन. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. मला एकच घोर होता, ब्राह्मीचा थोरला भाऊ अरिहंत. कॉलेजात असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आता गोळ्यांनी तो बरा आहे, बेदाण्याची निवड माझ्यापेक्षा चांगली करतो. पण घरात असला आजार आहे म्हटल्यावर ह्या घरची मुलगी कोण करून घेणार? पाहुणे बघायला आले तेव्हा आम्ही त्याला बेदाण्याच्या शेडवर धाडलं आणि मुलगा पुण्याला असतो म्हणून ठोकून दिलं.

महिन्यातून एका रविवारी मी सांगलीला जाते. तिथं एका शाळेच्या वर्गात अशा आजारी माणसांच्या घरचे लोक जमतात. फिरदोसताई गट चालवतात, त्यांच्या भावाचंही असंच आहे. तिथं रडता येतं, देवाला शिव्या देता येतात आणि तासगावचं कुणी येत नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

त्या रविवारी माझ्या शेजारी एक नवी बाई येऊन बसली. नाव सांगितलं चंपाबाई. गाव विचारलं तर म्हणे, "हितलंच." चहाबरोबर बटाटेवडे आले, तिनं हात लावला नाही. कंदमूळ न खाणारी, म्हणजे आपल्यातलीच! परक्यापुढं रडलं तर चालतं. आपल्या माणसापुढं रडलं की दुसऱ्या दिवशी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पूजेला आलेल्या साऱ्या बायकांना ते ठाऊक झालेलं असतं. तेवढ्यात तिच्या मांडीवरची पिशवी दिसली. कवठे महांकाळच्या कापड दुकानाची. मुलाकडच्यांनी चौकशीला माणूस पाठवलं होतं, मला शंकाच उरली नाही.

माझी पाळी आली. फिरदोसताईंनी विचारलं, "सुंदरीताई, कसं आहे घरी?"

"घरी समदं ब्येस हाय," मी म्हणाले. "मी आपली शेजारनीसाठी येते. तिचा पोरगा आजारी असतो."

मागच्या खेपेला याच लोकांना मी अरिहंतचा हसरा फोटो फिरवून फिरवून दाखवला होता. फिरदोसताई पुढच्या माणसाकडं वळल्या. पोटचा पोरगा मी शेजारणीच्या पदरात टाकून मोकळी झाले होते. लाज वाटली. पण त्याहून जास्त राग आला, त्या बाईचा.

बैठक संपल्यावर मी तिला जिन्यातच गाठलं.

"कुनी धाडलं तुमाला?"

"कुनी न्हाई, बाई."

"सम्मेदच्या घरनं आलाय न्हवं? मी ब्राह्मीची आई. काय इचारायचं ते तोंडावर इचारा की!"

कठडा धरून ती पायरीवर बसली. "मी सम्मेदची आई," ती म्हणाली. चंपाबाई हे नाव खोटं होतं. मुलगी बघायला ती आली नव्हती, गुडघे दुखतात असा निरोप होता.

"म्हंजे सोता चौकशीला आलासा!"

"चौकशी कसली, बाई? सम्मेदच्याच गोळ्या चालू हायती. तुमच्या शेजारनीच्या पोरावानीच. आता लय बरा हाय. पन लगनाआधी सांगावं का गप बसावं, हे कुनाला इचारू? कवठ्यात तोंड उघडायची सोय न्हाई."

"आन आमच्या पोरीच्या गळ्यात बांधाय निघालता व्हय!"

माझा आवाज जिनाभर घुमला. मग माझा मलाच तो ऐकू आला. मी तरी दुसरं काय करत होते?

"शेजारीन न्हाई," मी म्हणाले. "पोरगा माझा हाय. अरिहंत."

तिनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "आता समदं ठाव झालं. द्याल पोरगी?"

माझ्या मामेबहिणीनं अरिहंतला आपली मुलगी द्यायला नकार दिला, तेव्हा मी तिला काळ्या काळजाची म्हटलं होतं. अजून तिच्याशी बोलत नाही.

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "खोटं कशाला बोलू? मला लेक असती, तर मी बी तुमच्या अरिहंतला दिली नसती."

राग यायला हवा होता, पण मला रडू आलं. या सगळ्या जमवाजमवीत कुणी खरं बोललं असेल तर ते आत्ता. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"सम्मेदला घिऊन घरी या," डोळे पुसून मी म्हणाले. "या खेपंला अरिहंत बी सोप्यात बसंल. ब्राह्मीपुढं समदं बोलू."

"आन ती न्हाई म्हनली तर?"

"तर न्हाई. पन तिचं ती म्हनंल."

बोलून गेले खरी. एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. ब्राह्मी नाही म्हणाली, तर तिच्या शेजारी बसलेला अरिहंत ते ऐकणार होता.