सोमवारची छाती

सोमवारी पाळी सुटली की सूतगिरणीच्या फाटकाशी गोड गोळ्यांसाठी रांग लागायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पिंजणखात्यातल्या सगळ्यांची छाती आवळून यायची आणि गोळीवाले डॉक्टर ती गुरुवारपर्यंत मोकळी करून दाखवायचे. "औषध जितकं पातळ, तितकं जहाल," ते म्हणत. या हिशेबाने बाटली घरी विसरणाऱ्याला सगळ्यात जास्त गुण यायला हवा, पण हे विचारणार कोण?

गिरणीच्या दवाखान्यातली नर्स विचारायची. विचारून विचारून ती थकली होती. पिंजणखात्यातच असलेल्या तिच्या धाकट्या भावाने तर श्वासाचा पंप बंद केला होता आणि धुळीपासून लांब, दुसऱ्या खात्यात जायलाही नकार दिला होता.

"ताई, मला गुण येतोय तर तुझ्या का पोटात दुखतंय?"

शेवटी ती गोळीवाल्या डॉक्टरांकडे गेली. "निम्म्यांना तुमचं औषध, निम्म्यांना नुसती साखर. कुणाला काय, ते तुम्हाला, मला किंवा घेणाऱ्याला कळायचं नाही."

"खुशाल करा."

कामगारही तयार झाले. गिरणीच्या भांडारपालाने एकसारख्या बाटल्या भरून वाटल्या आणि कुणाला काय, याची यादी स्वतःकडेच ठेवली. नर्सने सोमवारी आणि शुक्रवारी प्रत्येकाला नळीत फुंकायला लावून श्वास मोजला. मग सगळे कँटीनमध्ये जमले. दोन्हीकडे आराम सारखाच होता.

"माझ्या बाटलीत औषध होतं, पैज लावतो," भाऊ म्हणाला.

"साखर होती," भांडारपाल म्हणाला.

डॉक्टर डगमगले नाहीत. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. साखर औषधाशेजारीच ठेवली होती ना?"

नर्सला हसूही येईना. "कापसाच्या धुळीचा त्रास सुट्टीनंतर पहिल्या दिवशी उसळतो, मग आठवडाभर उतरत जातो. डॉक्टर नेमके सोमवारी येतात, एवढंच. गोळ्या नसत्या तरी गुरुवार आलाच असता. आणि उतार पडला म्हणजे धूळ निघून गेली असं नाही, ती आत आपलं काम करतच राहते."

पुढच्या सोमवारी रांग लागलीच, जरा आखूड. भाऊ मात्र दवाखान्यात येऊन बसला. "ताई, त्या खात्यात अजून जागा आहे?"

जागा होती. पण मधल्या काळात त्याची फुप्फुसं जेवढी खराब झाली, तेवढी आता भरून यायची नाहीत, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला रडू आलं. डोळे पुसून ती फाटकाशी गेली.

"कुणावरही विश्वास ठेवा, मी अडवत नाही," ती रांगेला म्हणाली. "फक्त औषध घेण्याआधी एवढं विचारा: ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांचं काय झालं?"