कोष्टकातली चौऱ्याऐंशी बाळं

कार्यालयात तिला सगळे 'भिंग' म्हणत. वैद्यकीय शोधनिबंध छापणारं ते नियतकालिक दर दोन महिन्यांनी निघे आणि अंकातलं प्रत्येक पान छपाईला जाण्याआधी तिच्या नजरेखालून जाई. एकदा एका नामांकित शल्यविशारदाच्या निबंधात एकूण रुग्ण चाळीस आणि बरे झालेले त्रेचाळीस निघाले होते, ते तिनेच पकडलं होतं. तेव्हापासून हे नाव पडलं आणि तिलाही ते आवडे.

त्या दिवशी सकाळी तिने मुलीच्या डब्यावर झाकण दाबलं, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या आणि नेहमीसारखी साडेनऊला कार्यालयात पोचली. टेबलावर नव्या अंकाचा गठ्ठा पडला होता. वरून तिसऱ्या निबंधावर लेखकांची पाच नावं होती. पहिलं विभागप्रमुखांचं आणि चौथं तिच्या नवऱ्याचं.

तिला आश्चर्य वाटलं. नवरा सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात डॉक्टर होता, तिथंच शिकवतही होता. असा काही अभ्यास चालू असल्याचं घरी कधी कानावर आलं नव्हतं. ती तशीच उठून प्रमुख संपादकांच्या खोलीत गेली.

"सर, हा निबंध माझ्या घरचा आहे. दुसऱ्या कुणाकडे द्या."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तपासणारं दुसरं आहे कोण इथे? तुम्ही आणि मी. घरचा आहे ना, मग जास्त काळजीने बघाल. परीक्षकांनी पास केलाय. तुम्ही फक्त भाषा बघा."

तिने भाषा पाहायला घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना द्यायच्या एका जुन्या औषधावर तो निबंध होता. औषध गुणी, पण मात्रा वाढली की कानांवर जातं, म्हणून डॉक्टर ते जपून देतात. निबंध म्हणत होता की नेहमीच्या दीडपट मात्रा दिली तर बाळं लवकर बरी होतात आणि कानांना काही होत नाही. पुरावा म्हणून चौऱ्याऐंशी बाळांची माहिती दिली होती. तिसऱ्या कोष्टकात त्यांची वजनं होती: जन्माच्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची, सातव्या दिवसाची.

त्या कोष्टकाशी येऊन तिची पेन्सिल थांबली. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि मग भरून येतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. स्वतःच्या मुलीच्या वेळी तिसऱ्या दिवशी काटा खाली गेलेला पाहून तीच रडवेली झाली होती आणि सासूबाईंनी समजूत घातली होती. इथे चौऱ्याऐंशी आजारी बाळं होती आणि एकाचंही वजन उतरलं नव्हतं. पायऱ्या चढाव्यात तशी सगळी वजनं चढत गेली होती. शिवाय सहा महिन्यांनी कान तपासायला चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी आया परत आल्या होत्या. कुणी गाव बदललं नव्हतं, कुणाला घरच्यांनी अडवलं नव्हतं, एकही जण तारीख विसरली नव्हती.

अशा आया फक्त कागदावर असतात.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "अहो, ती चौऱ्याऐंशी बाळं कुठली?"

त्याने कप तोंडाला लावला, खाली ठेवला. "तुझ्याकडे आला का तो? बरं झालं."

"बाळं कुठली, विचारतेय मी."

"तयार मिळाला," तो म्हणाला. "एकजण लिहून देतो. आमच्या विभागप्रमुखांनीच आणला. पाच जणांची नावं घातली, त्यात माझं. सगळेच करतात गं. तीन वर्षांत इतके निबंध नाहीत तर बढती नाही, असा नियम आहे. दिवसाला साठ बाळं तपासतो मी, दोन नर्सा आणि एक मोडका काटा घेऊन. अभ्यास करायला वेळ कुठाय? आणि वाचतं कोण हे? निबंध वाचायला नसतोच, मोजायला असतो."

तो खोटारडा माणूस नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. घरातला उंदीर पिंजऱ्यात सापडला तर तो दूर रानात नेऊन सोडायचा. दोनदा त्याच्या हाताखालचे बढती घेऊन पुढे गेले होते आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी जेवताना तो विषय काढला होता. वाईट चाल अशीच टिकते. ती वाईट माणसांना लागत नाही. थकलेली, भली माणसं तिला पुरतात.

"पण वजनं बघा ना," ती म्हणाली. "एकाही बाळाचं उतरत नाही. कुणी जाणता वाचेल तर हसेल."

हे वाक्य पुढे कित्येक महिने तिला झोपू देणार नव्हतं.

कारण तीन दिवसांनी निबंधाची नवी प्रत आली. आता तिसऱ्या दिवशी वजनं उतरत होती, सातव्या दिवशी भरून येत होती. चार आया परत आल्या नव्हत्या. त्यातल्या दोघींनी गाव बदललं होतं. कोष्टक आता अगदी खऱ्यासारखं दिसत होतं. तिनं घरी दाखवलेली चूक कुणीतरी नीट दुरुस्त केली होती. खोटं लंगडत होतं, तिनं त्याला चालायला शिकवलं.

ती पुन्हा सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकी लावली आणि म्हणाले, "विभागप्रमुख आपल्या सल्लागार मंडळावर आहेत. परीक्षकांनी हो म्हटलंय. नवरा तुमचा आहे. उद्या चौकशी लागली तर पहिली कुऱ्हाड कुणाच्या पायावर? भिंग हातात आहे म्हणून सगळीकडे धरायचं नसतं."

तिने स्वल्पविराम सुधारले, दोन ठिकाणी 'परंतु'चं 'पण' केलं आणि सही केली. निबंध छापून आला. नवऱ्याला बढती मिळाली. सासूबाईंनी लेकाचं नाव असलेलं पान शेजारच्या दोन घरी नेऊन दाखवलं. सगळ्यांत जास्त आनंद नणंदेला झाला. ती दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात नवजात बालकांच्याच वॉर्डात नर्स होती. तिने फोनवरच सांगितलं, "वहिनी, आमच्या डॉक्टरांना दादाचा निबंध इतका पटला! मात्रेचा नवा तक्ता केलाय. मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून वॉर्डाच्या भिंतीवर लावला. खाली दादाचं नाव पण टाकलंय."

भिंगाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, एवढी घाई कशाला..." ती म्हणाली. मग तिने विषय बदलला. बोलायची ती शेवटची सोपी वेळ होती आणि ती तिने घालवली.

सव्वा वर्ष गेलं. एका दुपारी नणंद न कळवता थेट कार्यालयात आली. अंगावर गणवेशाची पांढरी साडी, हातात शाळकरी वही. खुर्चीवर बसली, पाणी नको म्हणाली.

"वहिनी, लस द्यायला बाळं येतात ना आमच्याकडे, तेव्हा एकदा माझ्या हातून ट्रे पडला. सगळी बाळं दचकून रडायला लागली. एक नाही रडलं. खिडकीकडे बघत राहिलं. आमच्याच वॉर्डातलं होतं ते, ते औषध दिलेलं. म्हणून मग मी एकेकाला बोलवून बघायला लागले. मागून टाळी वाजवायची. कान तपासणाऱ्याकडे पण नेलं." तिने वही उघडली. "सात झाली."

प्रत्येक पानावर एक बाळ होतं. जन्मतारीख, वजन, किती दिवस औषध दिलं, आईचा फोन. वजनं पेनानं लिहिलेली, दोन ठिकाणी खोडलेली.

"आधी वाटलं, आमचंच मोजताना चुकलं असेल. म्हणून निबंध पुन्हा वाचायला आले. दादाच्या कान तपासलेल्या ऐंशी बाळांत एकाला पण काही झालं नाही, मग आमच्याच सात जणांना कसं? तुम्ही छापलाय ना, तुम्हाला ठाऊक असेल."

भिंगाने मान वर केली नाही. "ती बाळं नव्हतीच गं," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

नणंद वही मिटून उठली. "मी स्वतःच्या हातानं तक्ता लावला, वहिनी. सुया पण मीच टोचल्या."

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. नवरा आधी चिडला, मग पांढरा पडला, मग सात बाळांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही असं शास्त्र सांगू लागला.

"तुझ्या चौऱ्याऐंशींपेक्षा माझी सात जास्त आहेत दादा," नणंद म्हणाली. "कारण ती आहेत."

सासूबाई मधे पडल्या. "झालं ते झालं. देवानं दिलेलं दुखणं असेल. आता घरातलं चव्हाट्यावर नेऊन त्या पोरांना कान परत मिळणार आहेत का?"

"नाही आई," सून म्हणाली. "पण आठव्याचे जायचे थांबतील."

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली आणि निबंध मागे घ्या म्हणाली. सर आधी हसले, मग रागावले, मग चर्चा करू म्हणाले. त्या चर्चेत पाच महिने गेले. सल्लागार मंडळाची एक बैठक झाली, दुसरी पुढे ढकलली गेली, कारण विभागप्रमुख परिषदेला परदेशी गेले होते. त्या पाच महिन्यांत नणंदेच्या वहीत दोन पानं वाढली. तिनं आपल्या वॉर्डातला तक्ता केव्हाच फाडून टाकला होता. ही दोन बाळं शेजारच्या रुग्णालयातली होती. निबंध तिथेही पोचला होता.

अखेर सरांनी तिच्या टेबलावर चार ओळी आणून ठेवल्या. 'काही तांत्रिक त्रुटींमुळे, लेखकांच्या विनंतीवरून, सदर निबंध मागे घेण्यात येत आहे. वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

तिने दोनदा वाचलं. "हे मी लावणार नाही, सर."

"काय चुकलंय यात? व्याकरण?"

"तांत्रिक त्रुटी वाचून कुठला डॉक्टर मात्रा कमी करेल? यात बाळं नव्हती असं लिहा. आकडे रचलेले होते असं लिहा. औषध जास्त दिलं तर कान जातात असं लिहा."

"आणि आपल्या नियतकालिकाची अब्रू?"

"ती छापली तेव्हाच गेली, सर. फक्त कळवायचं राहिलंय."

सरांनी चार ओळींवर बोट आपटलं. "संध्याकाळपर्यंत हेच संकेतस्थळावर दिसलं पाहिजे."

संकेतस्थळावर मजकूर चढवण्याचं काम तिचंच होतं. दुपारी चार वाजता तिने मजकूर चढवला. पण तो सरांचा नव्हता. तिने लिहिलं होतं: 'या निबंधातली चौऱ्याऐंशी बाळं अस्तित्वात नव्हती. आकडे रचलेले आहेत. ही मात्रा दिलेल्या नऊ बाळांची श्रवणशक्ती गेल्याचं आढळलं आहे. ही मात्रा वापरू नये. निबंध खोटा असल्याचं छपाईपूर्वी संपादन विभागाला ठाऊक होतं. तरीही तो छापला. तपासून सही करणारी मी.' खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. तेच पत्र तिने जिथं जिथं नियतकालिक जात असे त्या दोनशे रुग्णालयांना पाठवलं आणि पिशवी उचलून घरी आली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तिचा मजकूर काढून सरांच्या चार ओळी लावल्या गेल्या. तिला बेशिस्तीबद्दल कामावरून काढलं. चौकशी समिती बसली. विभागप्रमुखांनी आपण निबंध वाचलाच नव्हता, नाव फक्त मानानं घातलं होतं असं सांगितलं आणि न वाचल्याचं तरी खरं होतं. त्यांना समज दिली गेली. पुढच्या वर्षी ते संशोधनातल्या नीतिमत्तेवर भाषण द्यायला तीन ठिकाणी गेले. लिहून देणारा कुणी सापडला नाही. नवऱ्याची बढती गेली. तो घरात बोलायचा बंद झाला, पण एका रविवारी नणंदेकडे जाऊन वहीतली नऊ नावं उतरवून आला आणि त्यानंतर दर महिन्याला एकेका घरी जाऊ लागला. तिथं काय बोलतो हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. सासूबाई मात्र सुनेच्या हातचा चहा घेईनात.

दोनशे पत्रांना अकरा उत्तरं आली. मग ती स्वतःच निघाली. आठवड्यातून दोन दिवस, बसने, एकेका रुग्णालयात. कुठं दारावरच्यानं आत सोडलं नाही, कुठं साहेब बैठकीत होते, कुठं चहा मिळाला आणि मात्रा तशीच राहिली.

अशाच एका रुग्णालयात एका तरुण डॉक्टरनं तिचं सगळं उभ्या उभ्या ऐकलं. वॉर्डातलं पुस्तक काढून औषधाची मात्रा खोडली, बाजूला तारीख घातली. मग विचारलं, "हा निबंध कुणाचा, बाई?"

"माझ्या नवऱ्याचा. तपासला मी."

त्याने पुस्तक मिटलं. तिनं पिशवी खांद्याला लावली तसा तो दारापर्यंत आला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "माझंही नाव लागणार आहे एका निबंधात. पुढच्या महिन्यात. सरांनी सांगितलंय, फक्त सही कर. एकशे वीस पेशंट आहेत त्यात."

"तुम्ही पाहिलेत?"

"नाही. मला दाखवले नाहीत."

ती पुन्हा आत येऊन समोरच्या बाकावर बसली. "बसा," ती म्हणाली. "आणि आधी तुमच्या सरांना फोन लावा. पहिल्या पेशंटचं गाव विचारा. मी थांबते."

त्याने फोन हातात घेतला. नंबर काढला. अंगठा तसाच वर राहिला. बाहेरच्या बाकावर बाळांना घेऊन बसलेल्या आया आपापल्या पाळीची वाट पाहत होत्या.