डावीकडची बाई

जगाला शहाणं करण्याचा विडा कॉलेजातल्या ज्या टोळीने उचलला होता, तिचं एडिटिंग धाकटी करायची. कॅमेऱ्यासमोर बोलायचा गुरुजी. हे नाव पोरांनी चेष्टेने ठेवलेलं, पण त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. एआयने बनवलेला माणूस कसा ओळखायचा, हे तो रीलमधून शिकवायचा. पापणी लवत नाही, ओठ एकीकडे ओढलेले, हसू अर्ध्यावर अडकलेलं, की खुशाल समजा, माणूस खोटा. लोक माना डोलवायचे.

एका रीलसाठी दोन बायका हव्या होत्या, एक एआयची आणि एक खरी. खरीला बघून लोक फसले पाहिजेत, असा गुरुजीचा हट्ट. धाकटीने घरचंच माणूस सुचवलं. आजारात तिच्या ताईच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. त्याआधी ताई एका दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची. नंतर त्यांनी तिला गोड बोलून घरी पाठवलं. तेव्हापासून ती आरशाकडे पाठ करून केस विंचरायची.

"शेवटी आम्ही सांगणारच ना, तू खरी आहेस म्हणून," धाकटी म्हणाली. "पुढच्या वेळी कुणाच्या चेहऱ्याला नावं ठेवताना लोक दहादा विचार करतील."

ताईने आढेवेढे घेतले. मग ठेवणीतले कानातले घातले आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं तेवढंच वाक्य म्हणाली, "नमस्कार, मी खरी आहे."

रील तुफान चालली. डावीकडची बाई, म्हणजे ताई, खोटी, असं जवळपास सगळ्यांचंच मत पडलं. एकाने लिहिलं, एआयला घाई होती, अर्धीच बाई बनवली. त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली.

आता खरं उत्तर दिलं तर आपल्याच खुणा खोट्या ठरतात, हे गुरुजीच्या उशिरा लक्षात आलं. त्याने उत्तरच फिरवायचं ठरवलं. "तुझ्या ताईला ओळखतंय कोण?" तो म्हणाला.

धाकटीला राग आला, नाही असं नाही. पण कॉलेजात आता पहिल्या वर्षाच्या मुली तिच्यासाठी जागा धरून ठेवायच्या. ती मूग गिळून बसली. उत्तराच्या रीलमध्ये ताईच्या चेहऱ्यावर 'खोटी' म्हणून लाल फुली तिनेच मारली, आणि वाकडी दिसते म्हणून पुन्हा सरळ केली.

ताईच्या फोनवर रील वगैरे असलं काही नव्हतं. लोक काय म्हणाले, असं तिने चाचरत विचारलं. सगळ्यांनी तुला खरी म्हणून ओळखलं, धाकटीने ठोकून दिलं. ताई हसली, जमेल तेवढी. आणि व्हिडिओवर मुलाखत आहे म्हणून ज्या नोकरीचा विचार तिने सोडून दिला होता, तिथे त्याच दिवशी अर्ज केला. काम घरबसल्या ग्राहकांचे फोन घ्यायचं होतं.

मुलाखत पाच मिनिटंही चालली नाही. ताई बाहेर आली तेव्हा कानातले तसेच होते.

"मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आणखी एकाला बोलावलं. दोघं माझ्याकडे बघून कुजबुजले. म्हणाले, दोन्ही डोळे मिटून दाखवा. मला कुठे मिटता येतात? मग म्हणाले, हा चेहरा आम्ही पाहिलाय, ही फसवणूक आहे. आणि बंदच केलं गं."

धाकटीने हातातला फोन उलटा करून ठेवला.

"तुझी ती रील पाठव ना त्यांना," ताई म्हणाली. "त्यात सांगितलंय ना, मी खरी आहे म्हणून."

धाकटीने फोन उघडला. रीलखाली नवी कमेंट होती: तुमच्यामुळे आज आम्ही एक खोटी उमेदवार पकडली, मनापासून आभार. सोबत गुरुजीचा निरोप आला होता, ही कमेंट सगळ्यात वर लाव.

तिने ती वर लावली.

"पाठवली," ती ताईला म्हणाली.

ताईने केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा आत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसली. त्यांनी परत बोलावलं तर उशीर व्हायला नको, म्हणाली.