अठरा पहिले नंबर

महिन्यात दुसऱ्यांदा डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि मयताला जमावं तसं गाव तिच्याभोवती जमलं. काळं तेल टपटप मातीत गळत होतं. जमीन इतकी तापलेली की चपला काढायची सोय नव्हती. त्या एका डीपीवर अठरा विहिरींच्या मोटरी, आणि अठराही मालकांना खात्री की डीपी दुसऱ्यानंच जाळली. वायरमननं घाम पुसत सांगून टाकलं, नवी बसवतो, पण ही गेली तर पाऊस पडेपर्यंत दुसरी मागू नका.

हे ऐकून झटक्याच्या बायकोनं मनातल्या मनात दिवस मोजले. तिच्या दोन तुकड्यांत टोमॅटो नुकता फुलावर आला होता. आठ दिवस पाणी चुकलं की सगळं जळून जाणार.

झटक्या म्हणजे तिचा नवरा. मोटरीची वायंडिंग करणारा. दिवसभर तांब्याच्या तारेत बोटं आणि डोक्यात भलतंच काहीतरी. टाकी भरली की वाजणारी घंटा त्यानं केली, तर लोकांनी ती काढून फेकली, कारण शेजाऱ्याला आपलं पाणी कळतं. गुरं गोठ्यात शिरली की आपोआप लागणारा दिवा केला, तर म्हणे म्हैस बुजली. एकच वस्तू गावानं डोक्यावर घेतली, वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारं बटण. वीज दिवसाला चारच तास, तीही तिच्या मर्जीनं, त्यामुळे ते बटण सगळ्यांनी बसवलं. आणि वीज आली रे आली की अठरा मोटरी एकदम उठायला लागल्या. डीपी मेली ती त्यामुळे. पण हे सांगणार कोणाला?

झटक्यानं सांगून पाहिलं. म्हणाला, "बसलेला माणूस उठताना कण्हतो ना? मोटरचंही तसंच. उठताना ती सहापट वीज ओढते, मग निवांत फिरते. दोन-दोन मिनिटांनी एकेक उठू द्या, डीपीला काही होत नाही." त्यासाठी त्यानं एक डबाही केला होता. त्याचं नाव थांब्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, पहिली कुणाची? झालं. तीन दिवस गाव त्यावरच भांडत होतं. गिरणीवाला म्हणाला, माझी विहीर सगळ्यात जुनी. तिचे थोरले दीर म्हणाले, मी गिरणीवाल्याच्या मागे थांबणार नाही, पीक गेलं तरी चालेल. ज्याची विहीर दोन वर्षं कोरडी ठणठणीत, तोसुद्धा आपला नंबर राखून ठेवायला आला. दोन मिनिटं! पारावर बसून अख्खा दिवस वाया घालवणाऱ्या या माणसांना दोन मिनिटं जड झाली होती.

चौथ्या दिवशी तिनं पाहिलं, तर नवरा दुकानात मांडी घालून डब्यांवर लाल रंगानं आकडा काढत बसलेला. प्रत्येक डब्यावर एक. अठराही डब्यांवर एक.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" तिनं विचारलं.

"बाहेर एक आहे. आत ज्याचा त्याचा वेगळा," तो म्हणाला. "विहिरीवरचा दिवाही डब्यातून घेतलाय. मोटर उठेल तेव्हाच तो लागेल. माणसाला वाटेल, वीज आत्ताच आली."

"आणि आपली मोटर?"

"अठरावी. चौतीस मिनिटं." त्यानं मान वर केली नाही. "दुसऱ्या कुणाला ठेवू शेवटी?"

ती कपाळाला हात लावून तिथंच बसली.

मग तो एकेकाकडे गेला आणि डबा बसवताना कानात सांगून आला, पहिला नंबर तुमचाच, पण बाहेर बोलू नका. आणि गाव गप्प बसलं! अठरा विहिरींच्या गावात सतरा माणसं मिशीत हसत, बाकीच्यांची कीव करत फिरायला लागली. अशी शांतता त्या गावानं कधी पाहिली नव्हती. डीपी टिकली. टोमॅटोला फळ धरलं.

पण थोरल्या दिरांची विहीर तिच्या बांधालाच लागून. त्यांची मोटर चालायला लागली तरी धाकट्याची अर्धा तास मुकी, हे त्यांना दिसलं. धाकट्याचा स्वतःचाच डबा बिघडलाय असं धरून त्यांना आनंद पोटात मावेना. त्यांनी ते गावभर केलं.

ती दळण घेऊन गिरणीत गेली, तर तिथं थोरले दीर, गिरणीवाला आणि पाच-सहा जण वायरमनला घेऊन बसलेले. दीर मोठ्या मायेनं म्हणाले, "अगं, आम्ही आत्ता तुमच्याच विहिरीवर निघालोय. झटक्यानं साऱ्या गावाची मोटर लावली, स्वतःचीच त्याला जमेना. वायरमन डबा उघडून बघतील."

तिनं दळण खाली ठेवलं. डबा उघडला की आतलं कळणार. कळलं की संध्याकाळपर्यंत सतरा डबे उकिरड्यावर, आणि उद्या डीपी. एकेकाच्या तोंडावर खरं फेकावं असं तिला फार वाटलं. जीभ अगदी टोकावर आली होती.

"हात लावू नका भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी तारा उलट्यासुलट्या जोडल्यात. परवा मलाच झटका बसला. ह्यांना कुठं काय कळतंय?"

उठायला लागलेला वायरमन पुन्हा खाली बसला. गिरणी हसली. काय नवरा केलास, असं कुणीतरी म्हणालं, आणि तीही त्यांच्याबरोबर हसली. ते हसणं तिला विषासारखं कडू लागलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसाला तिनं घरात काय काय ऐकवलं होतं, पण चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं.

घरी येऊन तिनं पिठाचा डबा आपटला.

"काय म्हणत होते गिरणीत?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काही येत नाही म्हणत होते."

"मग सगळं नीट चाललंय," तो म्हणाला आणि तार गुंडाळायला लागला.

त्या दिवशी वीज भर दुपारी आली. शेजारी दिरांच्या पाटाला पाणी खळखळत होतं. ती आपल्या कोरड्या पाटाशी, डोक्यावर पदर ओढून, सतरा जणांच्या नावानं बोटं मोडत अर्धा तास बसून राहिली. मग पाणी आलं.